तांदूळ कोण आणणार?

आते लिगायाने मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता: "तू उद्या मेलीस तर तुझ्या घरात तांदूळ कोण आणणार?"

माझं नाव तिने त्यानंतर विचारलं.

लेस्टरमधल्या एका हॉस्पिटलात मी वॉर्ड फार्मसिस्ट आहे. रोज सकाळी वॉर्डात जायचं, प्रत्येक पेशंटचा औषधांचा तक्ता तपासायचा, चक्कर येते का, पोट साफ होतं का ते विचारायचं आणि पुढच्या खाटेकडे सरकायचं. हृदयरोगाच्या वॉर्डात माझा तो पहिला दिवस होता. औषधांच्या खोलीत मी कपाटाची किल्ली शोधत होते. मागून एक बुटकी, गोल चेहऱ्याची, साठीला आलेली नर्स आली, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि तिने हा प्रश्न विचारला.

"माझा नवरा आणेल," मी म्हटलं.

"कुठला आणायचा ते त्याला माहीत आहे?"

"नसेल तर विचारेल."

"कोणाला विचारेल? तू मेलीस ना."

पुण्याहून इथे येऊन मला चोवीस वर्षं झाली. असं कोणी मला विचारलं नव्हतं. मी किल्ली कपाटाला लावली.

'आते' म्हणजे त्यांच्या भाषेत ताई. वॉर्डातल्या सगळ्या फिलिपिनो नर्सेस तिला आते म्हणत, मग इंग्रज नर्सेसही म्हणायला लागल्या, मग डॉक्टर. मला ती 'मॅम मीना' म्हणे, पण सूर 'अगं ए'चा असे.

तिचं माणसं मोजायचं माप वेगळं होतं. कोण किती शिकलंय, कोणाचं घर केवढं, यात तिला रस नव्हता. तुमच्या पगारावर किती तोंडं जेवतात, एवढंच ती विचारी. जेस्सा नऊ तोंडांची. रोडेल सहा तोंडांचा. कोणी नवी नर्स मनिलाहून आली की दुपारपर्यंत तिची तोंडं मोजून व्हायची, त्यात गावाकडचे आईबाप, धाकट्या भावाची फी आणि मावशीचं डायलिसिस धरून. मी म्हटलं, मी तीन तोंडांची. नवरा, मुलगी, मी.

"आणि सासू? ती पुण्यात आहे ना?"

"त्यांना पेन्शन आहे."

"बरं. ती पेन्शन खाते," असं म्हणून तिने मला चार तोंडांची करून टाकलं.

एका नर्सच्या डोहाळजेवणाला, म्हणजे इथल्या बेबी शॉवरला, सगळ्यांनी विणलेले मोजे नेले होते. लिगायाने प्लॅस्टिकची निळी फाईल नेली. पहिल्याच पानावर प्रश्न होता: तुम्ही दोघं एकाच गाडीत मेलात तर बाळ कोणाचं? होणारी आई रडायला लागली. लिगायाने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "रड, रड. आणि मग नाव लिही." माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला मलाही फाईल मिळाली. फुलाफुलांची, नऊ कप्प्यांची. पेन्शन. विमा. घराचे कागद. पासवर्ड. शेवटचे कपडे. आणि सगळ्यात वर: पहिला फोन कोणाला.

मी ती घरी नेली. आमच्या स्वयंपाकघरात एक ड्रॉवर आहे, त्यात संपलेल्या बॅटऱ्या, कशाच्याच नसलेल्या किल्ल्या आणि टेकअवेचे मेन्यू असतात. फाईल तिथे गेली.

"आई, तिचा पॉइंट बरोबर आहे पण," माझी मुलगी इरा म्हणाली. ती इथेच जन्मली. "तू मेली तर मला वाय-फायचं पासवर्ड पण माहीत नाही."

"संध्याकाळच्या वेळी काय बोलतेयस," मी म्हटलं. मी, जिने कधी मांजर आडवं गेलं म्हणून पाऊल थांबवलेलं नाही. पुण्यात फोनवर सासूबाईंना ही फाईलची गंमत सांगितली, तर त्यांनी 'शुभ बोल' म्हणून फोनच ठेवला.

लिगाया भेटली की विचारी, "भरलीस?" मी म्हणे, "बघू." हा मराठी शब्द तिने माझ्या फोनवरच्या बोलण्यातून उचलला होता आणि त्याचा अर्थही बरोबर लावला होता. "आमच्याकडे याला 'बहाला ना' म्हणतात," ती म्हणाली. "म्हणजे देव बघेल. आमच्या क्लासमध्ये जो बहाला ना म्हणेल तो भांडी घासतो. तू ये एकदा. तू 'बागू' म्हणशील, तूही घासशील."

क्लास दर रविवारी असे. मिसा संपली की चर्चमागच्या हॉलमध्ये तीसेक फिलिपिनो जमत. नर्सेस, केअरर, हॉस्पिटलातले पोर्टर. आधी जेवण, मग आयुर्विमा. एकदा तिने मला ओढून नेलंच.

टेबलावर कमरेएवढं पुठ्ठ्याचं खोकं होतं. हे खोकं प्रत्येक फिलिपिनो घरात असतं. महिनोन् महिने त्यात वस्तू साठवायच्या, साबण, डबाबंद मांस, चॉकलेट, बूट, आणि भरलं की बोटीने गावाकडे पाठवायचं.

"खाली काय भरता?" लिगायाने विचारलं.

"जड, आते," सगळे म्हणाले.

"का?"

"नाहीतर खोकं फाटतं."

"बरोबर. खोकं भरताना अक्कल असते. पगार भरताना कुठे जाते?" तिने मांसाचे डबे एकेक करून काढले. प्रत्येकावर कागद चिकटवलेला. पहिल्यावर 'तीन महिन्यांचा घरखर्च'. तो तळाशी. दुसऱ्यावर 'मी मेले तर', म्हणजे साधा मुदतीचा विमा. "यात परत काही मिळत नाही. जिवंत राहिलात तर पैसे गेले. वाईट वाटतं? मग मरून बघा." तिसऱ्यावर 'मी आजारी पडले तर'. मग म्हातारपण. चॉकलेटवर लिहिलं होतं 'भावाची मोटरसायकल'. ते सगळ्यात वर. "तुम्ही काय करता? आधी चॉकलेट. तळाला चॉकलेट. वरून डबे टाकता. मग गावाला काय पोचतं?"

"चिखल, आते."

खरं सांगायचं तर त्या पाऊण तासात मला जेवढं कळलं, तेवढं माझ्या वडिलांना चाळीस वर्षांत कळलं नव्हतं. आणि इथे मला आमच्या वसंतकाकांबद्दल सांगायला हवं.

आपल्याकडे प्रत्येक घराण्यात एक विमाकाका असतो. आमचे वसंतकाका, वडिलांचे चुलतभाऊ. भाऊबीजेला चकली मोडता मोडता ते इतक्या मायेने वडिलांच्या ब्लडप्रेशरची चौकशी करत की आईचे डोळे भरून येत. मग पिशवीतून फॉर्म निघे. वडिलांनी असे तीन फॉर्म भरले. कशाला भरले ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. ते गेल्यावर त्या सगळ्यातून जे आलं, त्यात तेराव्याचं जेवण झालं. वसंतकाका जेवायला होते. श्रीखंड दोनदा घेतलं त्यांनी.

तेव्हापासून माझा एक नियम झाला. कोणी माझ्या मरणाची जास्त काळजी करायला लागलं, की मी त्याच्या पिशवीकडे बघते.

त्या रविवारी निघताना मी लिगायाच्या पिशवीकडे बघितलं. लोक जाता जाता तिच्या हातात पाकिटं देत होते. ती न उघडता पिशवीत टाकत होती आणि वहीत खूण करत होती.

मंगळवारी औषधांच्या खोलीत जेस्सा रडताना दिसली. जेस्सा म्हणजे आमच्या वॉर्डातली नऊ तोंडांची नर्स, तिशीची असेल. काय झालं म्हणून विचारलं तर एवढंच म्हणाली, "आतेने सांगितलंय, पॉलिसीचं आजच करून टाक. घरचे फार रागावतील, मॅम."

मला आणखी काही ऐकायची गरज वाटली नाही. पाकिटं, वही, रडणारी पोर. वसंतकाका, फक्त स्कर्ट घातलेले.

त्याच दुपारी मी मेट्रनला, म्हणजे नर्सेसच्या वरच्या बाईंना, ईमेल लिहिली. आठ ओळी. कोणावर थेट आरोप नाही, फक्त जे पाहिलं ते. कनिष्ठ नर्सेसवर दबाव येत असावा असं वाटतं, चौकशी व्हावी. शेवटी आपल्याकडच्या ऑफिसच्या पत्रांतलं 'काइंडली डू द नीडफुल'. दोनदा वाचली, एक स्वल्पविराम हलवला आणि पाठवून दिली. नंतर मी चहा केला आणि चहाबरोबर बिस्कीटही खाल्लं. हे मुद्दाम सांगते आहे. मला त्या वेळी बरं वाटत होतं.

लिगायाला पत्र मिळालं. चौकशी पूर्ण होईपर्यंत हॉस्पिटलच्या आवारात कोणाही कर्मचाऱ्याशी विमा, पेन्शन, पैसे या विषयांवर बोलायचं नाही. फादरच्या कानावर गेलं, त्यांनी हॉलही थांबवला.

ती नियमाने चालणारी बाई. तिने बोलणं थांबवलं. एका नव्या नर्सला तिने तोंडं विचारली नाहीत. अकरा वाजता चहाच्या खोलीत डब्यातला भात ती खिडकीकडे तोंड करून खायची. आधी ज्या प्रश्नाला सगळे कंटाळायचे, तो आता कोणी विचारेना, तर वॉर्ड एखादं घड्याळ बंद पडल्यासारखा वाटायला लागला. कोणी तक्रार केली, यावर कुजबूज चाले. मी तक्ते तपासत असे.

तिसऱ्या आठवड्यात मी जेस्साला विचारलं, "आता त्रास नाही ना तुला?"

"कसला त्रास?"

"त्या पॉलिसीचा."

"ती तर रद्द केली, मॅम. आतेनेच करायला लावली. माझ्या चुलतभावाने विकली होती, मनिलाला. निम्मा पगार त्यात जायचा, आणि मी मेले असते तर काहीच मिळालं नसतं. आते दोन रविवार कागद घेऊन बसली होती. भाऊ अजून बोलत नाही माझ्याशी."

"आणि ती पाकिटं? तुम्ही तिला देता ती?"

"ते आमचं सेव्हिंग. सगळे थोडे थोडे देतात, दर महिन्याला एकाला सगळे मिळतात."

भिशी. माझ्या आईची एकोणीस वर्षं होती.

"मग आतेचा नंबर कधी?"

"आते त्यात नाही. पैसे फक्त तिच्याकडे ठेवतात. तिच्याकडून जात नाहीत म्हणून."

म्हणजे वसंतकाका होते. पण ते मनिलात होते, आणि लिगाया त्यांच्या पिशवीतून पोरीला बाहेर काढत होती.

मी लगेच मेट्रनकडे जायला हवं होतं. गेले नाही. मनाशी म्हटलं, चौकशी चालू आहेच, त्यात सगळं बाहेर येईल, मध्ये बोलणं बरं दिसणार नाही. याला मराठीत काय म्हणतात ते मला माहीत आहे. बघू म्हणतात.

पाचव्या आठवड्यात रोडेल वॉर्डात आला. ट्रॉली ढकलत नाही, ट्रॉलीवर झोपून. चव्वेचाळीस वर्षांचा पोर्टर, सहा तोंडांचा, इतका हसरा की पेशंट एक्सरेला जायला खूश असत. हृदयाच्या तीन नळ्या बंद होत्या. ऑपरेशन चार दिवसांनी ठरलं.

त्या दुपारी लिगाया औषधांच्या खोलीत आली. तिने दार लोटून घेतलं आणि माझ्या डब्याच्या पिशवीत एक घडी केलेला कागद टाकला.

"हॉस्पिटलच्या पेन्शनचा फॉर्म आहे," ती म्हणाली. "नोकरीत असताना माणूस गेला तर घरच्यांना रक्कम मिळते. फॉर्मवर नाव असेल तर त्या नावाला. नाव नसेल तर बायकोला."

"मग मिळेल की बायकोला."

"रोडेलची बायको अकरा वर्षांपूर्वी दुसऱ्याबरोबर गेली. आमच्या देशात घटस्फोट मिळत नाही, मॅम. कागदावर ती अजून बायको आहे. मुलं दोन, त्याच्या मोठ्या बहिणीकडे. बहिणीचं नाव कुठेच नाही. फॉर्म भरून, साक्षीदाराची सही होऊन, पेन्शनवाल्यांकडे पोचायला हवा. तो जिवंत असताना."

"तू का नाही…" मी म्हटलं आणि थांबले.

"मला पत्र आहे. मी बोलू शकत नाही."

"आत्ता बोलतेयस ना माझ्याशी."

"ही बंदी मोडली एकदा. पेशंटच्या खाटेजवळ नाही मोडणार. मग त्या फॉर्मवरच कोणी बोट ठेवेल, लिगायाने दबाव आणला म्हणून." ती माझ्याकडे न बघता कपाटाला किल्ली लावत होती. "तू रोज सकाळी लोकांना पोट साफ झालं का विचारतेस. न लाजता. हेही विचार."

मी रोडेलच्या खाटेभोवतीचा पडदा ओढला.

"मॅम, पोट साफ आहे," तो म्हणाला.

"पोटाचं नाही. रोडेल, ऑपरेशन उत्तमच होणार. पण समजा, म्हणजे होणार नाही असं, पण धरून चाल की…" इंग्रजी मला चांगलं येतं. त्या दिवशी एकही वाक्य पुरं होईना. तो कुतूहलाने बघत होता. शेवटी मी डोळे फॉर्मवर ठेवून म्हटलं, "तू मेलास तर तांदूळ कोण आणणार?"

तो इतका हसला की मॉनिटर वाजायला लागला. मग हसू ओसरलं. छताकडे बघत म्हणाला, "बहाला ना, मॅम."

पडद्याबाहेर कोणीतरी जोरात खाकरलं.

पडद्याखालून पांढरे, रुंद बूट दिसत होते. बाहेरच्या कपाटात कोणी बँडेज मोजत उभं होतं. पत्रात बोलायला बंदी होती. खाकरण्याबद्दल पत्रात काही नव्हतं.

आम्ही फॉर्म भरायला लागलो. मी बहिणीचं नाव लिहिलं. खाकरणं. "मधलं नाव आहे का?" मी विचारलं. होतं. लिहिलं. पत्ता लिहिला. शांतता. 'किती हिस्सा' या चौकटीत रोडेल म्हणाला, बहिणीला सगळं. मोठं खाकरणं. "मुलांची वयं काय?" थोरली सज्ञान होती. मग निम्मं बहिणीला, निम्मं थोरलीला, धाकट्याचं बहीण बघेल. शांतता. मी त्याच्याकडे पेन देताना चुकून साक्षीदाराच्या जागेवर बोट ठेवलं, तर बाहेर दम्याचा झटका आल्यासारखं झालं.

त्याने बरोबर जागी सही केली. साक्षीदार म्हणून मी करणार, एवढ्यात तो म्हणाला, "हा फॉर्म मी आतेकडे रविवारीच भरणार होतो, मॅम. सगळं ठरलं होतं. त्याच आठवड्यात क्लास बंद झाला. कोणीतरी कम्प्लेंट केली म्हणे. अशी माणसं कोण असतात हो?"

"पेन चालत नाहीये," मी म्हटलं.

पेन चालत होतं. पडद्याबाहेर या वेळी कोणी खाकरलं नाही. बूट तिथेच होते.

फॉर्म मी स्वतः पोस्टात नेऊन दिला, उद्या पोचेल अशा पोस्टाने, पावती घेऊन. परत आले तर लिगाया औषधांच्या खोलीत होती. पावती मी तिच्या हातात दिली. तिने ती उजेडात धरून वाचली.

"लिगाया, ती तक्रार…"

"काइंडली," ती म्हणाली.

"काय?"

"या हॉस्पिटलात 'काइंडली' लिहिणारी एकच बाई आहे. मेट्रनने मला तो कागद वाचून दाखवला. नाव सांगितलं नाही. नीडफुल म्हणजे काय, तेही मलाच विचारलं."

म्हणजे पहिल्या दिवसापासून तिला माहीत होतं. रोज मला किल्ली देताना माहीत होतं.

"मग तू बोलली का नाहीस?"

"तू पण नाही बोललीस," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता; असता तर मला बरं पडलं असतं. "सात नंबरच्या खाटेचं पोटॅशियम बघ. जास्त आहे."

सात नंबरचं पोटॅशियम जास्तच होतं. ते पाहिलं, आणि मग मी मेट्रनकडे गेले. मी पाहिलं ते काय होतं आणि मी ते काय समजले, दोन्ही सांगितलं. तिने लिहून घेतलं. हे दोन आठवड्यांपूर्वी करता आलं असतं, असं ती म्हणाली नाही. इंग्रज माणसं हे फार चांगलं करतात. नुसतं पेनाचं टोपण लावतात.

त्या संध्याकाळी घरी मी ड्रॉवरमधून फुलांची फाईल काढली. नवऱ्याला, शिरीषला, समोर बसवलं आणि म्हटलं, "माझ्या पेन्शनचे कागद निळ्या बॅगेत आहेत, आणि तांदूळ बेलग्रेव्ह रोडवरच्या कोपऱ्यावरच्या दुकानातून आणायचा, जुना, वीस किलोचा." त्याचा चेहरा उतरला. "रिपोर्ट काय आला तुझा?" तो म्हणाला. रिपोर्ट नाही हे पटवायला अर्धा तास गेला. मग तो चष्मा लावून बसला आणि आम्ही नऊच्या नऊ कप्पे भरले. इराला वाय-फायचा पासवर्ड मिळाला.

रोडेलचं ऑपरेशन नीट झालं. आता तो पुन्हा ट्रॉली ढकलतो, आणि मी दिसले की आख्ख्या कॉरिडॉरला ऐकू जाईल असं विचारतो, "मॅम, तांदूळ?" चौकशीही संपली. हॉलचं भाडं लिगाया स्वतःच्या पगारातून देत होती, हे त्यात बाहेर आलं. तिला दुसरं पत्र मिळालं, पहिल्यापेक्षा आखूड.

क्लास पुन्हा सुरू व्हायचा होता त्या रविवारी सकाळी तिने मला घरी बोलावलं. खोकं उचलायला माणूस हवं होतं. इतक्या वर्षांत मी तिच्या घरी पहिल्यांदाच गेले. छोटा फ्लॅट, तांदळाच्या पिंपाएवढं स्वयंपाकघर. भिंतीवर काळ्या झग्यातले, पदवीची गुंडाळी हातात धरलेले पाच जण.

"भाचे, भाच्या," ती म्हणाली. "एक टोरोंटो, दोन दुबई, एक सिडनी, एक जहाजावर."

जो प्रश्न ती सगळ्यांना विचारायची, तो तिला कोणी विचारल्याचं मला आठवेना. "लिगाया, तू किती तोंडांची?"

"होते अकरा." ती खोक्याला चिकटपट्टी लावत होती. "आई गेली, बहीण गेली. पोरं मोठी झाली. आता एक. हे," आणि तिने स्वतःच्या तोंडाकडे बोट केलं.

खोकं गच्च भरलेलं होतं, तळाला डबे, वर चॉकलेट. पत्त्याची जागा रिकामी होती.

"हे कोणाला जाणार?"

"क्लासचं आहे."

"आणि ते कोपऱ्यातलं?" सोफ्यामागे तसंच आणखी एक होतं. त्यावरही पत्ता नव्हता.

"त्यांना आता तिकडे सगळं मिळतं," ती म्हणाली. "पण भरायची सवय आहे, मॅम. हात विसरतो नाहीतर." मग तिने शेल्फवरून आपली फाईल काढली. निळी, कडा झिजलेली. "निघण्याआधी एक सही हवी. हे पान बदललंय."

पान सगळ्यात वरचं होतं. पहिला फोन कोणाला. पहिलं नाव बहिणीचं, पट्टी धरून खोडलेलं. दुसरं टोरोंटोच्या भाचीचं, तेही खोडलेलं. "तिचा फोन सायलेंटवर असतो," लिगाया म्हणाली. तिसरं नाव माझं होतं. शेजारी तारीख. माझ्या ईमेलनंतरच्या आठवड्यातली.

मी तारखेवर बोट ठेवलं. "तेव्हा? लिगाया, तेव्हा तर तुला…"

"तेव्हाच. सगळे मला म्हणायचे, आते, अमक्याचं चुकतंय, तमक्याचं चुकतंय, आणि भात खात बसायचे. तुला चुकीचं वाटलं, तू त्याच दुपारी कागद केलास. मी मेले तर मला असं माणूस हवंय." तिने पेन माझ्यापुढे धरलं. "फक्त आधी विचारत जा."

माझ्या नावाखाली तिच्या ठसठशीत इंग्रजीत दोन छोटी वाक्यं होती. 'रडणार नाही. नीडफुल करेल.'

मी सही करायला वाकले. त्यातलं पहिलं वाक्य तोवर खोटं पडलं होतं. लिगायाने ते पाहिलं आणि माझ्या हनुवटीखालून पान अलगद बाजूला ओढलं.

"कागद ओला करू नकोस," ती म्हणाली. "प्रिंटरची शाई संपलीय."